जिंतूरकडून खेळणारा भाचा

आमच्या गावात फुटबॉल खेळतात म्हटलं की परभणीतले लोक हसतात. खेडं म्हणजे कबड्डी, फार तर क्रिकेट, असं त्यांचं गणित. पण पिंगळी स्टेशनच्या अलीकडं आमचं गाव, रूळ गावाला लागून, आणि माझ्या तरुणपणी सिकंदराबादेहून बदलून आलेल्या एका गँगमननं आम्हाला हे वेड लावलं. तो पुन्हा बदलून गेला, वेड राहिलं.

मी स्वतः कधी धड खेळलो नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली आणि खेळ त्याहून कमी. पण बघण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. सोयाबीन निघालं की गायरानावर सामने लागतात. रेषेच्या कडेनं आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करतो आणि ट्रॉलीत उभं राहून बघतो. पहिल्या ट्रॉलीचा पुढचा कोपरा माझा. मी तापानं पडलो असलो तरी तिथं दुसरं कोणी उभं राहत नाही.

इतकी वर्षं तिथं उभं राहून मला एक कळलं. बघणारे लोक गेलेल्या गड्याचा हिशोब कधी सरळ करत नाहीत. जो म्हातारा होऊन खेळ सोडतो, त्याच्यासाठी मेलेल्या म्हशीला मणभर दूध. ज्याला आयुष्यात कधी डावा पाय वापरता आला नाही, त्याच्या डाव्या पायाच्या गोष्टी पारावर निघतात. जो नोकरीला पुण्याला जातो, त्याला माफी. पण जो दुसऱ्या गावाकडून खेळायला जातो, तो मात्र पहिल्यापासूनच वाईट होता असं ठरतं. त्यानं आमच्यासाठी मारलेले गोलसुद्धा मग 'आपोआप झालेले' असतात.

पाठ फिरवायची रीत मीच काढली. आमचाच एक गडी झरी गावाकडून खेळायला आला, तेव्हा ट्रॉलीतून आई-बहिणीवरून शिव्या सुरू झाल्या. बाया-पोरी बघायला आल्या होत्या. मी म्हणालो, "तोंड कशाला घाण करायलाव? त्याला बगूच नका ना." त्याच्या पायात चेंडू आला की मी मैदानाकडं पाठ करायचो. मग सगळी ट्रॉली करू लागली, मग सगळ्या ट्रॉल्या. चेंडू त्याच्याकडून सुटल्याचा आवाज आला की मागचा कोणीतरी "हां" म्हणायचा, आणि आम्ही पुन्हा वळायचो. मला वाटायचं, शिवीपेक्षा हे खानदानी आहे.

मग माझ्या भाच्याची पाळी आली.

माझ्या धाकट्या बहिणीचं हे पोरगं पाचवीपासून माझ्या घरी वाढलं. बहीण दिली जिंतूरला, तिच्या घरी शेती आणि दहा माणसांचं खटलं. एक पोरगं माझ्याकडं राहिलं तर तिला तेवढंच हलकं. ते आमच्या गायरानावरच खेळायला शिकलं. सतरा-अठरा वर्षांचं होईपर्यंत असं झालं की चेंडू त्याच्याकडं गेला की ट्रॉल्यांमधला आवाज बंद व्हायचा. मी कोपऱ्यात उभा राहून मिशीवरून हात फिरवायचो, जणू ते पाय मीच घडवले.

मग त्याचे वडील अंथरुणाला खिळले. एके सकाळी त्यानं कपडे पिशवीत भरले.

"मामा, मी घरी जातो. शेत बगायला कोणी न्हाई."

"जा ना. सामन्याला येत जा."

"आता तिकडूनच खेळतो म्हनलं. रोज हितं येनं जमायचं न्हाई."

"तिकडून म्हंजे? जिंतूरकडून?"

"आता तेच गाव झालं ना, मामा."

तो निघाला तेव्हा फाट्यापर्यंतसुद्धा गेलो नाही. माझी बायको त्याला एसटीत बसवून आली.

चार दिवसांत पारावर बातमी उठली की जिंतूरवाल्यांनी त्याला खिळ्याचे भारी बूट दिले, म्हणून गेला. "बुटासाठी मामा सोडला," असं एक जण माझ्यासमोर म्हणाला. मला खरं माहीत होतं. त्याच्या वडलांचा एक हात आणि एक पाय लकव्यानं गेलेला मी डोळ्यांनी बघून आलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर बुटाची गोष्ट तिथंच मेली असती. मी तंबाखू मळत राहिलो. वर मानही हलवली.

आता आमच्याकडं भाच्याचा मान मोठा. भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाच्याच्या पाया पडतो. आणि गावच्या लेकीचं पोरगं म्हणजे सगळ्या गावाचा भाचा. त्यामुळं जिंतूरचा संघ पहिल्यांदा गायरानावर आला तेव्हा लोकांची पंचाईत झाली. शिवी तर देता येत नाही. पाठ फिरवावी की नाही? पहिला चेंडू त्याच्या पायात गेला आणि सगळ्या ट्रॉल्या माझ्याकडं बघू लागल्या.

मी वळलो. सगळं गाव वळलं.

त्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली. हमेशा चार दिवस राहणारी. ओवाळलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "दादा, माज्या लेकाला पाठ दावली म्हनं तू?"

"खेळातलं खेळात, बाई."

"बरं," म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. माझ्या बायकोनं केलेल्या करंज्या डब्यातच राहिल्या.

मी तरीही बदललो नाही. तीन वर्षं हेच चाललं. जिंतूर आलं की आम्ही अर्धा सामना पाठमोरे. पुढं पुढं तर पोरांना त्याची मजाच वाटू लागली.

मागच्या हंगामातली गोष्ट. सामना बरोबरीत, थोडाच वेळ राहिलेला. चेंडू भाच्याच्या पायात आला, तो एकटाच आमच्या गोलकडं सुटला, आणि आम्ही सगळे रुळाकडं तोंड करून उभे. मागून धप्प आवाज आला आणि कोणीतरी ओरडलं. वळून बघितलं तर आमचा गोलकीपर डोकं धरून पडलेला आणि त्याच्या शेजारी भाचा गुडघा धरून. चेंडू भलतीकडंच. शिट्टी वाजवणारा माणूस मागं राहिला होता, त्यालाही काही दिसलं नव्हतं.

"डोक्यात लाथ घातली!" कोणीतरी म्हणालं. ट्रॉल्यांतल्या कुणीच बघितलं नव्हतं, पण शंभर तोंडांनी तेच म्हटलं. आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

"भाचा असशील घरी! हितं कसाई हाईस तू, कसाई!"

त्यानं खालून माझ्याकडं बघितलं. त्याला दोघांनी उचलून टेम्पोत घातलं. आमच्या गोलकीपरला लोकांनी खांद्यावर घेतलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी हा गोलकीपर माझ्या दारात आला. बसेना. उभ्यानंच म्हणाला, "बाबा, एक सांगायचं हाय. मला लाथ लागलीच न्हाई."

"मंग डोकं धरून कामून पडला होतास?"

"भेव वाटलं म्हनून. मी चेंडूवर झेपलो अन् त्याचा पाय सुटलेला होता. माझं डोकं बघितलं अन् त्यानं पाय आखडला. हवेतल्या हवेत. गुडघ्याचा आवाज आला बगा, तुरीची काडी मोडल्यावानी."

"तिथंच सांगायचं होतं ना!"

"सांगनार होतो. पन तुमी सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं." मग म्हणाला, "तुमच्याच आवाजापुढं मला बोलायचं सुचंना."

मी त्याला रागावणार होतो. पण बुटाच्या वेळी मी काय केलं होतं? हाच तर माझा धंदा.

भाच्याचा गुडघा काही पूर्ण सरळ झाला नाही. खेळ संपला. मी भेटायला गेलो नाही. 'आज जातो, उद्या जातो' करत कापसाच्या दोन वेचण्या झाल्या. मग फाल्गुनात उडत उडत कानावर आलं की त्याचं लग्न ठरलं. आता आमच्यात पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला. अक्षदा पडताना नवरदेवाच्या मागं मामा उभा राहतो. ती जागा दुसऱ्या कुणाची नाही. मला पत्रिका आली नाही. वर असंही कळलं की आमचा एक चुलत भाऊ आहे सेलूकडं, त्याला उभं करायचं चाललंय.

मी म्हणालो, "बोलावलं न्हाई तर न्हाई. मी बी जात न्हाई."

बायको चुलीपुढून म्हणाली, "अवो, जाऊच नका. ट्रॉलीत जाऊन उभे राहा. तिथं कोणी न्हाई तुमच्या कोपऱ्यात."

तिच्या त्या बोलण्यानं मी दोन दिवस जेवलो नाही धड. तिसऱ्या दिवशी धोतर नेसलो, दस्ती खांद्यावर टाकली आणि जिंतूरची एसटी धरली.

भाचा अंगणात खाटेवर बसला होता, बैलाचा कासरा वळत होता. डावा पाय समोर काठीसारखा. बहिणीनं पाणी आणून ठेवलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

मी म्हणालो, "गोलकीपरनं सांगितलं मला सगळं."

"हां," तो म्हणाला.

"तू कामून सांगितलं न्हाई?"

"कुनाला सांगू, मामा? बगत कोन होतं?"

कासरा वळायचं त्याचं थांबलं नाही. रागावून बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं. भांडण मला येतं. हे येत नाही.

मग मी जे सांगायला आलो नव्हतो तेही सांगितलं. "अजून एक हाय. तू बुटासाठी गेलास असं लोक म्हनले, तवा मला खरं ठावं होतं. मी गप बसलो."

आता त्याचे हात थांबले. मी जाणून गप बसलो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, मामाला कोणीतरी खोटं सांगितलं आणि मामा फसला. तीन वर्षं पोरगं माझी बाजू अशी धरून बसलं होतं.

"दादा," बहीण दारातून म्हणाली, "तू घरी येऊन त्याच्या बापाला भरवून गेला होतास रे."

मी उठलो आणि वाकलो, त्याच्या पाया पडायला. तो मागं सरकायला गेला, पण तो पाय त्याला लवकर आखडता आला नाही. माझं कपाळ त्या पायाला लागलं. कुणी कुणाला उठवलं नाही. माझा मीच उठलो.

निघताना बहिणीनं पत्रिका हातात दिली. हळद-कुंकू न लावता, कोरडीच. म्हणाली, "लग्नाला ये. मागं कुनी उभं राहायचं, ते पोरगं ठरवील."

लग्नाला आम्ही दोघं गेलो. मांडवात चुलत भाऊ नवा फेटा बांधून स्टेजपाशीच बसलेला. मला कुणी काही म्हणालं नाही आणि मी विचारलं नाही. मी जेवणाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिथं जिंतूरच्या संघाची पोरं खुर्च्या मांडून बसली होती. त्यांचं नवरदेवावरच चाललेलं.

"गडी बरा होता, पन लय नाव केलं लोकांनी," एक जण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "गुडघा तर निमित्त. शेवटच्या वर्षी पळता कुठं येत होतं त्याला? अन् पाय लावला असता तर गोल होता तो. आपन जिंकलो असतो. शेवटी मामाच्या गावासाठी कच खाल्ली त्यानं."

"रक्त वळतंच की तिकडं."

मला आधी वाटलं, दुसऱ्याच्या मांडवात आहोत, गप बसावं. गप बसणं मला चांगलं जमतं. पण पाय आपोआप त्यांच्याकडं गेले.

"पोरांनो, त्या दिवशी बगितलं का तुमी?"

"बगितलं ना. तुमी कोन, बाबा?"

"बगितलं ना? मंग डोकं फुटलं असतं पोराचं, ते दिसलं न्हाई? गोल दिसला फक्त?"

"बाबा, खेळात होतं असं."

"खेळात होतं म्हनून मी बी तीन वर्षं—"

एवढ्यात कर्ण्यात खरखर झाली. आधी नवरीच्या मामाला बोलावलं. मग थोडा वेळ नुसतंच कुजबुजणं ऐकू आलं, आणि कर्ण्यावरचा माणूस म्हणाला, "नवरदेवाचे मामा. पिंगळीकडचे. थोरले. नवरदेव थांबलाय, लवकर यावं."

चुलत भाऊ अर्धा उठला होता, तो पुन्हा बसला. माझी बायको बायकांमधून हातवारे करायलेली, जा जा म्हणून. त्या पोरांना मला अजून पुष्कळ सांगायचं होतं. "हितंच बसा, मी येतो," असं म्हणालो आणि अक्षदांची मूठ घट्ट धरून स्टेजकडं निघालो.