करदोड्याची दोरी

अण्णा गेला त्या सकाळी मी कलबुर्गीला आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. फोन शरणम्माचा होता. बिदरला नौबादमध्ये अण्णाच्या शेजारी राहणारी ही बाई एरवी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग सुनेची गाऱ्हाणी सांगते आणि शेवटी कामाचं बोलते. त्या दिवशी नुसतं "अक्का, निघा तुम्ही," एवढंच म्हणाली. मला वाटलं, वैनी गेली. खोटं कशाला सांगू, तीन वर्षं आम्ही सगळे त्याच फोनची धास्ती घेऊन बसलो होतो. मी विचारलं, "वैनी कधी गेली?" ती म्हणाली, "वैनी हायत अक्का. अण्णा गेले. भाजी आणायला गेलते, बाजारातच पडले." हातातली ओली चादर कठड्यावरून खाली रस्त्यावर गेली. ती कोणी उचलली ते मला आजही माहीत नाही.

व्यंकटअण्णा माझा थोरला भाऊ. सगळी हयात मंठाळच्या शेतात काढली. तूर, ज्वारी, दोन म्हशी, विहिरीवरचं इंजन, यापलीकडं त्याला जग नव्हतं आणि नको होतं. स्वयंपाकघराचा उंबरा तर त्यानं कधी ओलांडला नाही. चुलीपुढं दिसलेला पुरुष म्हणजे बायको माहेरी गेलेला पुरुष, अशी आमच्या घरची समजूत. ताट समोर आलं की हा जेवणार, आणि भाजीत कांदा जाड आला की एकेक फोड वेचून ताटाच्या कडेला रांगेत मांडणार. बोलणार काही नाही. ती रांग बघून वैनीनं काय समजायचं ते समजायचं. गोदावैनी विळीवर बसली की बघत राहावं. पुंडीचा, म्हणजे अंबाडीचा, पाला ती असा चिरायची की शिजल्यावर पान कुठलं आणि डाळ कुठली कळू नये. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडं अख्खं गाव शेतात जेवायला जातं. त्या जेवणातली भज्जी म्हणजे शेतात हिरवं म्हणून जे काही मिळेल ते सगळं एकत्र. चुलत्यांच्या घरातल्या बायका आदल्या दिवशी पाट्या भरून भाज्या वैनीपुढं आणून ठेवायच्या, तिनं चिरून द्याव्या म्हणून. ती नाक मुरडायची आणि सगळं चिरून द्यायची.

त्याच विळीवर बसलेली असताना तिला लकवा मारला. अण्णा गोठ्यातून आला तर ही एका अंगावर कलंडलेली, आणि हात पात्यापासून जेमतेम बोटभर लांब. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून परतल्यावर अण्णानं पहिलं काम काय केलं असेल, तर ती विळी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. सुऱ्यासुद्धा घरात ठेवू देईना. रोजच्या व्यायामासाठी बिदर जवळ पडावं म्हणून शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, दिलं आणि दोघं नौबादला दोन खोल्यांत येऊन राहिली. मुलगा विलास हैदराबादला नोकरीत. त्यानं स्वयंपाकाला बाई लावली, मिक्सर आणून दिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घास अगदी बारीक आणि मऊ हवा, नाहीतर ठसका लागून जीव जायचा. बाईनं सगळं मिक्सरमधून काढून लापशीसारखं करून दिलं. वैनीनं ते तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. जन्मभर भाजीचं पान न् पान राखून चिरणाऱ्या बाईला तो लगदा कसा चालावा! आठवडाभरात तिचे गाल आत गेले. बाई वैतागून निघून गेली.

तेवढ्यात वैनीला शरणम्मापाशी सोडून एका लग्नाला म्हणून तो मन्नाएखेळ्ळीला गेला. तिथं हायवेच्या कडेला एक माणूस प्लास्टिकचे डबे मांडून बसला होता. झाकणाला दोरी, आत फिरणारी पाती. दोरी ओढली की कांदा बारीक. "खेंचो चच्चा, बस खेंचते जाओ," असं म्हणत त्यानं डबा अण्णाच्या हातात दिला. अण्णानं ओढलं, झाकण काढून बघितलं, बोटानं चिमटीत धरून बघितलं. चिरलेलं होतं, चेचलेलं नव्हतं. लग्नाचं जेवण सोडून डबा काखोटीला मारून हा पहिल्या बसनं परत. मला फोन करून सांगितलं, "विळी नगं, सुरी नगं, करंट बी नगं. झाकणाच्या आतच समदं हुतंय बघ." साठी उलटलेला माणूस, पण आवाज नवीन सायकल मिळालेल्या पोरासारखा.

पहिल्या दिवशी त्यानं अख्खा कांदा सालीसकट आत घातला. पाती अडकली. मग यानं जन्मभर विहिरीवरच्या इंजनाला दोरी गुंडाळून जसा हिसडा दिला तसा दिला. दोरी तुटून मुठीसकट हातात आली. आता दुसरी कुठून आणावी? सुतळी आत गुंडाळली जाईना, नायलॉनची घसरायला लागली. शेवटी जत्रेतून स्वतःसाठी आणून ठेवलेला नवा काळा करदोडा काढला आणि तो ओवून गाठ मारली. चपखल बसला. फोन आल्यावर डबा बघायला म्हणून मी तोवर पोचले होते. म्हटलं, "अण्णा, करदोडा कुणी भाजीत घालतंय का?" तर म्हणाला, "भाजीत कुठं, झाकणात घातलाय. कमरंला हाय की दुसरा." आतून एक आवाज आला. जाऊन बघितलं तर वैनी हसत होती. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण हसत होती. अण्णा दारातच उभा राहिला आणि त्यानं तोंड फिरवून धोतरानं डोळे पुसले.

मग तीन वर्षं त्या घराचं घड्याळ म्हणजे ती दोरी. तो पाटावर बसायचा, डबा पायांच्या पंजात धरायचा, डाव्या हातानं झाकण दाबून उजव्यानं ओढायचा. खर्र... खर्र... खर्र. मधे थांबून झाकण उघडायचं, कडेला चिकटलेलं चमच्यानं आत लोटायचं, परत ओढायचं. वाफवलेलं गाजर वेगळं, मेथी वेगळी, शेंगा वेगळ्या. सगळं एकत्र केलं की चव कळत नाही, हे त्याला कोणी शिकवलं देव जाणे. वैनीच्या खाटेवरून स्वयंपाकघर दिसत नाही, फक्त मधलं दार दिसतं. खर्र आवाज आला की ती मान त्या दाराकडं वळवायची आणि तोंड उघडून ठेवायची. "आलो गं गोदा, आलो," असं म्हणत हा वाटी घेऊन दारात यायचा. गोदा! आख्ख्या संसारात त्यानं तिला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. 'अगं ए' आणि 'ऐकायलीस का' याच्यावर भागलं होतं. व्यायाम घेणाऱ्या मुलीनं सांगितलं, नावानं हाक मारत जा आजोबा, मेंदूला बरं असतं. पहिल्यांदा म्हणताना कानापर्यंत लाल झाला होता. मी चिडवलं, "अण्णा, आता तुला कुठंबी नांदायला पाठवता येतंय." म्हणाला, "नांदायलोच की गं... जरा उशीर झाला."

शेवटची भेट तो जाण्याच्या महिनाभर आधीची. दुपारची जेवणं झाली होती. वैनी झोपली होती. हा पाती धुवून फडक्यानं एकेक पुसत बसला होता. वर न बघताच म्हणाला, "माझ्या आधी ही जावी बघ." मी एकदम उसळले. "कामून असं बोलायलास रे? बायकोचं मरण मागायलास व्हय?" म्हणाला, "मागायलो. रोज मागायलो देवाला. म्या गेलो तर करणारे समदे हायत, न्हाई म्हणत न्हाई. विलास हाय, तू हायस. पर एक घास गिळूस्तोवर दहा मिंटं लागतेत तिला. तेवढं थांबंल कोण?" पाती झाकणाला बसवून त्यानं डबा ओट्यावर पालथा घातला. त्याचं मागणं देवानं ऐकलं नाही. एवढं एकच मागणं होतं आणि तेही ऐकलं नाही, याचा राग माझ्या मनातून जात नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

मी पोचले तेव्हा अण्णा दवाखान्यातच होता. भाजीची पिशवी कोणीतरी घरी आणून टाकली होती. त्यात मेथी, गाजरं आणि पुंडीची एक जुडी. विलास हैदराबादहून आला आणि त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आत्या, आईला सांगायचं न्हाई. तिला सोसणार न्हाई." कोणालाच दुसरं सुचत नव्हतं. अण्णाला नौबादच्या घरी न आणता परस्पर मंठाळला नेलं. मी वैनीपाशी थांबले, म्हणून भावाचं शेवटचं तोंडही नीट बघायला मिळालं नाही. चितेवर ठेवताना कमरेचा करदोडा तोडला, असं विलास नंतर म्हणाला. अंगावर करदोडा नाही असा पुरुष आमच्याकडं फक्त सरणावरच असतो. वैनीला सांगितलं, अण्णा शेताला गेलाय, बटईदाराचं भांडण झालंय. ती माझ्याकडं बघत राहिली. भेटायला आलेली एक चुलती दारातच अडून बसली, कुंकू पुसा, बांगड्या काढा, पाप लागेल म्हणून. मी म्हटलं, "लागू दे मला." ती गेली ती परत आली नाही.

आमच्यात सुतकात घरी चूल पेटत नाही, चिरणं नाही, फोडणी नाही. जेवण शेजारपाजाऱ्यांकडून येतं. शरणम्मा बिचारी मऊ भात, पातळ वरण हातानं कुस्करून आणायची. वैनी ओठ उघडेना. चमचा लावला की दात घट्ट. चमच्या चमच्यानं दूध तेवढं आत जायचं, त्यातलं निम्मं उशीवर. दर जेवणाच्या वेळेला ती मान दाराकडं वळवायची, ऐकल्यासारखं करायची आणि काहीच ऐकू आलं नाही की परत भिंतीकडं बघायची. आम्ही सगळे शहाणे तिला वरण भरवायच्या गडबडीत. ती कशाची वाट बघतेय, हे डोक्यात यायला मला सुतक फिटावं लागलं.

सुतक फिटल्यावर मी डबा घेऊन पाटावर बसले. काळ्या करदोड्याला त्याच्या बोटांनी जिथं धरायचं तिथं चकाकी आली होती. ओढला. खर्र... आतून खाट करकरली. वाटी घेऊन दारात गेले तर वैनीचं तोंड उघडं, डोळे दाराला लागलेले. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होती. मी घास दिला. तिनं घेतला. वाटी संपली. त्या दिवसानंतर मी रोज ओढत राहिले आणि ती रोज माझ्या पलीकडं बघत जेवत राहिली. जिवावर यायचं ते बघणं. पण पोटात चार घास जात होते. विलासला फोनवर सांगितलं, तर तो पोरगा ढसाढसा रडला.

त्याला आईला भेटायचं होतं, पण बापासाठी डोकं भादरलेलं. केस जरा वाढू देत, मग ये, असं मीच म्हटलं होतं. शेवटी त्याला राहवलं नाही. गेल्या आठवड्यात आला, डोक्यावर टोपी घालून. ऊन लई हाय म्हणाला. खाटेजवळ बसला. वैनीनं डावा हात उचलला, मला वाटलं गाल कुरवाळणार. हात कानावरून वर गेला आणि तिनं टोपी मागं सारली. डोक्यावर बोटं फिरवली. खुरटे, नुकतेच फुटलेले केस. विलास दगडासारखा बसून राहिला. तिनं हात मागं घेतला आणि स्वतःच्या कपाळावर नेला. डाव्या हाताला सवय नाही, एका वेळेत पुसलं जाईना. कुंकू भुवईवर आलं, कानशिलावर आलं. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला, एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. सगळं पुसून झाल्यावर तिनं हात खाली ठेवला आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं नाही. आमच्याच आलं.

आता विलास तिला हैदराबादला न्यायचं म्हणतोय. तोवर मी इथंच आहे. माझं कलबुर्गीचं घर बंद आहे. अण्णानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देतेय असं कोणाला वाटेल, पण तसं काही नाही. मी थांबते, दहा मिनिटं थांबते, वीस थांबते. चमचा ओठाला लावला की ती तोंड थोडं उघडते. एखाददुसरा घास जातो. मग ओठ मिटतात ते मिटतात. भरवणाऱ्याला थांबता येतं, खाणाऱ्याला खायचंच नसेल तर काय करायचं हे अण्णालाही माहीत नसावं...

तरी दुपार झाली की मी पाटावर बसते. गाजर वाफवून घेते, मेथी वेगळी ठेवते. डबा पंजात धरते आणि काळा करदोडा ओढते. खर्र... खर्र... आतली खाट करकरत नाही. वैनी छताकडं बघत पडलेली असते. ओढता ओढता मान वर होते, आणि दाराकडं आता मीच बघते.