दवरा नव्हे, डवरं

अकोल्याच्या एका दैनिकात मी एकोणीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापायला जाणारं पान आधी माझ्या डोळ्यांखालून जायचं. मग एक दिवस सांगण्यात आलं की हे काम आता संगणक करेल. निरोप समारंभ झाला, पेढे वाटले, सन्मानपत्र दिलं. त्या सन्मानपत्रावर माझं पद ‘मुद्रीतशोधक’ असं छापलं होतं. मी पर्समधला लाल पेन काढला, ‘द्री’खाली रेघ मारली आणि सन्मानपत्र साहेबांच्या टेबलावर परत ठेवलं. ते हसले, म्हणाले, “ताई, आता तरी सोडा.” मी सोडलं नाही. आठ दिवसांनी दुरुस्त करून आणलं, तेव्हा घेतलं.

त्यानंतर मी अमरावतीला माहेरी आले. परतवाड्याच्या रस्त्याला माझ्या धाकट्या भावाचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. तो वखर, डवरे अशी शेतीची अवजारं बनवतो. त्याचा हात खरा बसलाय तो सायकल डवऱ्यावर. जुन्या सायकलचं चाक पुढे, मागे दोन दांडे आणि खाली माती कापणारी पास. बैल नसलेल्या माणसाला, एकट्या बाईलासुद्धा तो ढकलत सोयाबीनच्या ओळींतलं तण काढता येतं. भावाचं काम चोख, पण त्याचं नाव पंचक्रोशीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानं शहरातल्या एका गृहस्थाकडून वेबसाइट करून घेतली होती. तिला वर्ष होत आलं होतं आणि तिच्यावरून एकही फोन आला नव्हता.

“आपल्या इकडचे लोक नेटवर अवजारं घेत नाहीत,” भाऊ म्हणायचा. मलाही ते पटलं होतं. मी ती वेबसाइट कधी उघडूनही पाहिली नव्हती, ही माझी चूक.

एका रविवारी सकाळी नांदगाव खंडेश्वरहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, बचत गटाच्या अध्यक्ष. बसनं आल्या होत्या. वर्कशॉपच्या दारात उभं राहून त्यांनी आधी आत नीट पाहून घेतलं. पत्रे, गॅसच्या टाक्या, भिंतीला टेकवलेले डवरे. मग मला विचारलं, “हे खरंच तुमचंच हाये ना?”

“आमचंच. काहून?”

“तुमचं पान पाह्यलं मोबाइलवर. मले वाटलं, फशिवणारे लोक हायत.”

भाऊ हातातली जाळी खाली ठेवून पुढे आला. बाईंनी मोबाइल माझ्या हातात दिला. “वाचा तुमीच.”

मी वाचलं. ‘शेतकरी बंदूंनो.’ ‘मजबूर पोलादी दांडा.’ ‘आमच्याशी संपर्क सादा.’ आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, ‘सायकल दवरा’. कुणीतरी रोमन अक्षरांत टाइप केलं होतं, यंत्रानं त्याला जमेल तशी देवनागरी केली होती आणि ती परत कुणी वाचलीच नव्हती. डवऱ्याच्या ड चा द झाला होता, पानभर.

बाई सांगू लागल्या. आदल्या वर्षी त्यांच्या गटानं मोबाइलवरची एक जाहिरात पाहून शिलाई मशिनी मागवल्या होत्या. मशिनी आल्याच नाहीत, फोन बंद झाला. “त्या जाहिरातीतबी असंच लेहेल होतं. अर्धे शब्द बरोबर, अर्धे वाकडे. आमी तवा हसलो होतो. आता हसत नाई. ज्याले सोताचं दुकान नीट लेहिता येत नाई, त्याचं दुकान हाये का नाई, हेच पाहा लागते.”

“आणि सापडलं कसं तुम्हाला?” मी विचारलं.

“सापडलंच नोतं. सायकल डवरं म्हणून दहा वेळा शोधलं. दुसऱ्यांचेच पानं येत होते. मंग आमच्या गावच्या एकानं तुमच्या वर्कशॉपचं नाव सांगतलं, त्या नावानं शोधलं तवा निंघालं.”

त्यांनी दोन डवरे ढकलून पाहिले, चहा घेतला आणि ‘गटात विचारून सांगते’ म्हणून गेल्या. भाऊ परत वेल्डिंगला लागला. मला मात्र राग आला होता. ज्या माणसानं आयुष्यात वाकडा जोड दिला नाही, त्याला एका द मुळे लोक चोर समजत होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या चुकांची यादी करून त्या वेबसाइटवाल्या गृहस्थाकडे गेले. चाळिशीचा, बोलायला गोड माणूस. त्यानं यादी बघितली आणि बाजूला ठेवली.

“मॅडम, लोक फोटो बघतात. शब्द कोण वाचतो?”

“काल एक बाई वाचून आल्या. नांदगावहून, बस बदलून.”

“बरं, करू दुरुस्त. पण मग सगळंच शुद्ध करू. ‘डवरा’ हा शब्दच काढून ‘कोळपे’ टाकू. प्रमाण शब्द तोच आहे. आणि तुम्ही इथं ‘डवरं’ लिहून आणलंय, ती तर गावठी चूक झाली.”

एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तरी ‘चूक’ हा शब्द तेव्हा मला पहिल्यांदा झोंबला. मी म्हटलं, “दवरा ही चूक आहे. मजबूर दांडा ही चूक आहे. डवरं ही चूक नाही. माझ्या आईनं जन्मभर डवरंच म्हटलं आणि तिच्या पिकात तण नव्हतं. वऱ्हाडातला माणूस कोळपे म्हणून शोधणार नाही. तो त्याच्या तोंडात आहे तेच शोधेल.”

“वेळ लागेल. पुढच्या महिन्यात बघू.”

“मग पासवर्ड द्या. मी करते.”

“तुम्हाला नाही जमणार ते.”

मी खुर्ची ओढली आणि बसले. पर्समधून पुस्तक काढलं. साडेअकरा वाजले होते. तो फोनवर बोलला, जेवायला जाऊन आला, दोन गिऱ्हाइकं करून झाली. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची, मी त्यांना सांगायचे की मी पासवर्डसाठी बसले आहे. चार वाजता त्यानं एका कागदावर पासवर्ड लिहून दिला. मी तिथेच उघडून खात्री केली आणि मगच उठले.

जमायला मला पंधरा दिवस लागले. एकदा सगळे फोटो उडवले, ते परत चढवले. पण वाचणं मला येत होतं. प्रत्येक ओळ मी मोठ्यानं वाचायचे आणि भाऊ ऐकायचा. ऐकताना तो म्हणाला, “हे तं आपण बोलतो तसंच हाये.” मग लोक नेमकं काय शोधतात ते बघायला मी दर्यापूरला गेले. जीपची वाट बघणाऱ्या माणसांना मी सायकल डवऱ्याचा फोटो दाखवायचे आणि म्हणायचे, हे हवं असेल तर मोबाइलवर कसं शोधाल, करून दाखवा. कुणी ‘डवरा’ लिहिलं, कुणी ‘डवरं’, कुणी रोमन अक्षरांत तीन तऱ्हांनी. एक म्हातारे गृहस्थ मोबाइल तोंडाजवळ धरून “सायकल डवरं” असं ठणठणीत बोलले. मोबाइलनं ‘दौरा’ ऐकलं आणि कुठल्याशा मंत्र्याच्या दौऱ्याची बातमी दाखवली. ते म्हणाले, “याले शेती नाई समजत.”

पानावर मी लिहिलं: आम्ही याला डवरा म्हणतो, बोलताना डवरं म्हणतो, काही भागांत कोळपे म्हणतात. रोमन अक्षरांतलं नावही खाली दिलं. भावाचा वर्कशॉपमधला फोटो टाकला, पत्ता खुणेसकट दिला.

दीड-दोन महिन्यांनी ‘सायकल डवरं’ शोधल्यावर आमचं पान पहिल्याच पडद्यावर दिसू लागलं. फोन यायला लागले, तेव्हा भाऊ प्रत्येकाला आधी विचारायचा, “कुठून कळलं?” नांदगावच्या बाईंच्या गटानंही डवरे नेले. नेताना त्यांनी पान पुन्हा उघडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, म्हणाल्या, “आता घरच्यासारखं वाटते.”

मग एका शेतकऱ्याचा फोन आला. डवरा नको होता त्यांना. म्हणाले, “बाई, तुमी लेहेलं हाये, ‘पाश बदलता येते.’ पास हाये का पाश?” मी मोबाइल उघडून पाहिलं. माझीच चूक, माझ्याच बोटांनी केलेली. मी माफी मागितली आणि ते फोनवर असतानाच दुरुस्त केली. लाजही वाटली आणि बरंही वाटलं. भावाला सांगितलं तर त्यानं काम थांबवून मनसोक्त हसून घेतलं.

आमचं एकच भांडण अजून मिटलेलं नाही. भावाच्या कानावर आलंय की बरेच लोक अजून ‘दवरा’ असंच टाइप करतात, कारण त्यांच्याही मोबाइलवर ड चा द होतो.

“ताई, टाक ना एक दवरा कोपऱ्यात. गिऱ्हाईक येईन तं येईन.”

“नाही.”

“काहून पण? कोळपे टाकलं तं.”

“कोळपे कुणाचा तरी शब्द आहे. दवरा कुणाचाच नाही.”

तो म्हणतो, माझ्या हट्टापायी गिऱ्हाइकं जातात. जात असतील. पानाचा पासवर्ड माझ्याकडे आहे.