ओरिन पेल्कीचा हंगामी पास

ओरिन पेल्की याने उभ्या आयुष्यात बर्फावर स्की करण्याचा हंगामी पास विकत घेतला नव्हता. त्याची त्याला लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. हॅस्केल डोंगरावर पास मिळवण्याची रीतच निराळी होती. ऑक्टोबरात पानगळ सरत आली की गावातील माणसे आपापल्या करवती आणि कोयते घेऊन डोंगरावर जमत. उन्हाळ्यात उतारांवर माजलेली झुडपे ती छाटत, उन्मळून पडलेली झाडे ओढून बाजूला करत आणि दुपारी लिफ्टच्या खोपटापाशी खिमा-राजम्याची चिली खात. डोंगराचे मालक, म्हातारे हॅस्केल, स्वतः पळी घेऊन वाढत असत. पुढे बर्फ पडला की त्या दिवशी राबलेल्या प्रत्येकाला हिवाळाभर स्की करण्याचा पास मिळे. कोणी सही मागत नसे, कारण हॅस्केलांना सगळे चेहरे पाठ होते.

ओरिन शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, अविवाहित, अबोल माणूस होता. त्याचा थोरला भाऊ वेंडेल चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, विधुर आणि तोंडाचा फटकळ. दोघांची घरे एकाच रस्त्यावर होती, तरी घरात समोरासमोर बसले की दोघांनाही बोलणे सुचत नसे. हवामानाच्या बातम्या पाहून ते उठत. हॅस्केलची जुनी लिफ्ट मात्र तारेला लटकून डोंगरमाथ्यावर नेणाऱ्या, दोघा-दोघांच्या खुर्च्यांची होती आणि अतिशय संथ होती. गुडघ्याला गुडघा लागलेला, नजर समोर, खाली पांढरा उतार. तेथे मात्र ते बोलत. आईचे आजारपण, वेंडेलच्या पत्नीचे दुखणे, ओरिनने जिला कधी विचारलेच नाही ती पोस्टातली बाई, हे सारे त्या खुर्चीतच बोलले गेले होते. वर पोहोचून स्की जमिनीला टेकल्या की तो विषय तेथेच संपे.

या वर्षी ओरिनला एक मोठी गोष्ट बोलायची होती. वेंडेलची मुलगी वडिलांना कायमचे ॲरिझोनाला नेऊ पाहत होती. वेंडेलने अद्याप होकार दिला नव्हता. "जाऊ नकोस, माझ्याकडे राहायला ये," एवढेच ओरिनला म्हणायचे होते. ते तो हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्यावर म्हणणार होता.

त्या उन्हाळ्यात हॅस्केलांनी डोंगर विकला. पश्चिमेकडच्या एका मोठ्या कंपनीने तो घेतला. तिच्या मालकीचे आणखीही पुष्कळ डोंगर होते आणि एकाच पासावर ते सगळे मोकळे होत. वेंडेलच्या मुलीने सप्टेंबरातच फोनवरून वडिलांसाठी पास विकत घेऊन ठेवला.

"तू बस झुडपं तोडत," वेंडेल ओरिनला म्हणाला. "माझ्या पोरीने एक बटण दाबलं आणि मला चाळीस डोंगर मिळाले."

"चाळीस कशाला हवेत तुला? तुझे गुडघे एकाच डोंगरात निकामी होतात."

"आधी पास तर काढ रे बाबा."

"ऑक्टोबर येऊ दे की. दर वर्षी काढतो तसाच काढीन."

ऑक्टोबर आला. ओरिन करवत घेऊन गेला आणि त्याच्यासारखेच आणखी दहा-बारा जुने लोकही गेले. कंपनीचा नवा तरुण व्यवस्थापक ब्राइस हे पाहून हरखून गेला. त्याने कॉफी आणि डोनट आणवले, प्रत्येकाशी हात मिळवला आणि म्हणाला, "कंपनी तुमची फार आभारी आहे." या लोकांच्या लेखी एवढा शब्द पुरेसा होता. ते निश्चिंत मनाने घरी गेले.

डिसेंबरात डोंगर उघडला. ओरिन तिकिटांच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाला, "पेल्की. झुडपांच्या दिवसाचा."

खिडकीतील मुलीला काही उमगेना. तिने ब्राइसला बोलावले. त्याचा चेहरा उतरला.

"मिस्टर पेल्की, तुम्ही सगळे आपल्या हौसेने आला होता ना? मला तसंच वाटलं. पास मिळतो हे मला कोणी सांगितलंच नाही हो."

"मग आता द्या विकत."

"विक्री बंद झाली. बर्फ पडण्याआधीच बंद करतात. आता फक्त एका दिवसाचं तिकीट."

त्या तिकिटाची किंमत ओरिनने दोनदा वाचली. तेवढ्यात त्याच्या घरी पंधरा दिवसांचा किराणा आला असता.

"एवढं महाग कोण घेतं?"

"कोणी घेऊ नये म्हणूनच एवढं ठेवलंय," ब्राइस खालच्या आवाजात म्हणाला. "लोकांनी घाबरून सप्टेंबरातच पास घ्यावा. मग बर्फ पडो न पडो, कंपनीचे पैसे आलेले असतात."

"आणि ज्याला हे कळलं नाही त्याने काय करायचं?"

"पुढच्या सप्टेंबरात यायचं."

वेंडेल मागेच उभा होता. तो म्हणाला, "चल, आजचं तिकीट मी काढतो. रडका चेहरा करू नकोस."

"ज्या उतारावर माझ्या हाताला फोड आले, तिथे मी पाहुणा म्हणून जाऊ? तू जा."

वेंडेल खांदे उडवून एकटाच वर गेला. ओरिन पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला आणि काचेतून ती खुर्ची झाडांमागे दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. आपण ताठ्याने एक दिवस घालवला, हे त्याला घरी गेल्यावर कळले. नाताळात वेंडेलने ॲरिझोनाला होकार कळवला आणि फेब्रुवारीच्या अखेरचे विमान ठरवले.

नव्या वर्षात ब्राइसचाच फोन आला. लिफ्टवर लोकांना खुर्चीत बसवायला माणसे मिळत नव्हती आणि नोकराला पास फुकट होता. ओरिनने तत्काळ हो म्हटले. त्याला वाटले, अजून दोन महिने आहेत.

पण नोकरीत अडचण अशी निघाली की कंपनीने डोंगर गुरुवार ते रविवार एवढाच चालू ठेवला होता आणि माणसे कमी असल्यामुळे ओरिनची पाळी नेमकी त्याच चार दिवसांत असे. दुपारचे सँडविचही तो उभ्यानेच खात असे. सोमवारी तो मोकळा होई. सोमवारी त्याच्या पासावर कंपनीचे सगळे डोंगर उघडे असत, फक्त हॅस्केल बंद असे. उरलेले दोन महिने असेच सरत गेले.

वेंडेल दर शनिवारी-रविवारी येई. ओरिन हाताने खुर्ची थोपवून धरी, म्हणजे ती भावाच्या पोटऱ्यांवर आदळत नसे. एवढाच त्यांचा सहवास. त्यातही एकटा माणूस आला की त्याच्याशेजारी रांगेतील दुसरा एकटा बसवायचा, असा नियम होता. आपल्या जागेवर दर खेपेला नवा अनोळखी माणूस ओरिन स्वतःच बसवत होता.

"आज माझ्या शेजारी कोणाला बसवतोयस?" वेंडेल विचारी. "कालचा पोरगा वरपर्यंत फोनवर बोलत होता."

"आज दंतवैद्य आहे. तोंड बंद ठेव."

वेंडेल जाण्याआधीचा शेवटचा रविवार आला. ओरिनने तासाभराची सुट्टी मागितली होती आणि ब्राइसने ती देऊही केली होती. परंतु तो शाळांच्या सुट्ट्यांचा, गर्दीचा आठवडा होता, त्यात दोन माणसे तापाने पडली. ब्राइस स्वतः बर्फ ओढायला फावडे घेऊन उतरला होता. "आज नाही जमणार हो, माफ करा," तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरे होते. रांग पार भाड्याच्या बुटांच्या खोलीपर्यंत गेली होती.

वेंडेल पुढे आला. त्याच्याशेजारी हिरव्या टोपीतील एक बाई होती. खुर्ची आली, ओरिनने ती धरली, दोघे बसले. आणि खुर्ची हातातून सुटता सुटता ओरिन ओरडला, "माझी मागची खोली रिकामी आहे! तू तिथे राहा!"

सारी रांग त्याच्याकडे पाहू लागली. वेंडेलने मागे वळून पाहिले नाही. हिरव्या टोपीतील बाईच तेवढी वळली, मग तिने वेंडेलकडे पाहिले आणि खुर्ची वर गेली.

वेंडेल खाली उतरून पुन्हा रांगेत उभा राहिला. त्याची पाळी यायला बराच वेळ लागला. ओरिन लोकांना बसवत राहिला, पण रांगेत भाऊ कुठवर आला हे त्याला न पाहताही कळत होते. शेवटी वेंडेल त्याच्यापुढे आला.

"गाढवा, हे मला डिसेंबरात सांगायचं होतंस," तो म्हणाला. "पोरीने तिकडे माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. आता काय तोंडाने नाही म्हणू तिला?"

"डिसेंबरात माझ्याकडे पास नव्हता," ओरिन म्हणाला.

वेंडेल नेहमीप्रमाणे काहीतरी टोमणा मारण्यासाठी तोंड उघडून तसाच थांबला. आपल्या धाकट्या भावाला बोलण्यासाठी काय लागते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

"नव्हता खरा," तो हळूच म्हणाला.

मागून कोणीतरी ओरडले, "अहो, चला की!" खुर्ची वळून येत होती. या खेपेला वेंडेलच्या शेजारी कोणी नव्हते. पुढचा एकटा माणूस हात वर करून ओरिनच्या इशाऱ्याची वाट पाहत होता. ओरिनने खुर्ची दोन्ही हातांनी धरली, भाऊ नीट टेकला याची खात्री केली, आणि मग त्या माणसाला मान हलवून पुढे बोलावले.