हापशाची आई

भागवतकाका कोणालाही भेटले की रामराम घालायच्या आधी म्हणत, "दात दाखवा." मी बदली होऊन मांजरसुंब्याच्या आतल्या अंगाला असलेल्या वस्तीशाळेत रुजू झाले, त्याच दिवशी खांद्याला रिकाम्या बाटल्यांची पिशवी अडकवलेला, ताठ गुडघ्यांनी चालणारा एक माणूस वर्गात शिरला आणि मलाच म्हणाला, "बाई, जरा दात दाखवा." मागून एक पोरगी ओरडली, "काका, बाईला इकत घेता का काय?" आमच्याकडे दात बघतात ते बैलाचे, तेही बाजारात. त्यांचं ओळखपत्र हातात येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

ते आरोग्य सेवक होते. गावोगावच्या विहिरींचं, हापशांचं पाणी बाटलीत भरून तपासणीला पाठवायचं आणि ते पिणाऱ्यांचे दात, हाडं, पोटं कशी आहेत ते बघत हिंडायचं, हा त्यांचा उद्योग. वस्ती त्यांना डाक्टर म्हणे. ते चिडत. "म्या डाक्टर न्हाई. डाक्टर बिमार माणसाला बघतो, म्या बिमारी कुठून निघाली ते बघतो." पुतणीची सोयरीक ठरवायला गेले, तर तिथेही आधी पाणी कुठलं ते विचारलं आणि मग नवऱ्या मुलाच्या बापाला आ करायला सांगितलं. सोयरीक अर्थातच मोडली. "बरं झालं," काका म्हणाले, "त्या गावचं पाणी लई वंगाळ हाय."

गंमत म्हणजे त्यांचे स्वतःचे दात तपकिरी, खडबडीत, चट्ट्यांनी भरलेले. असा माणूस लोकांना दातांवर व्याख्यान देऊ लागला की बाया पदराआड हसत. "आधी सोताची तंबाखू सोड म्हणावं," असा वस्तीचा एकमुखी निर्णय होता.

आमच्या शाळेजवळ एक हापसा होता. पोरं तिथंच पाणी पीत, मीही प्यायचे. त्याच्या पाण्याचा अहवाल आला: फ्लोराइड भरमसाट. काका म्हणाले, "हे पाणी दिसाया चांगलं, चवीला चांगलं, अन् आतून हाडं खातं." गोड्या पाण्याची विहीर होती, पण ओढ्यापलीकडे. दारातला हापसा सोडून घागरी घेऊन एवढं कोण चालणार? नियमाप्रमाणे काकांनी हापशाला लाल रंग द्यायचं ठरवलं. लाल म्हणजे पिऊ नका. तालुक्याहून मिळालेला रंग लालपेक्षा शेंदरीकडेच झुकणारा निघाला, आणि डब्यात होता तोही कमी. हापशाचं नुसतं मुंडकं रंगलं. वर, कामाच्या नादात काकांना घटस्थापना तोंडावर आल्याचं भानच नव्हतं.

सकाळी मी शाळेत आले तर हापशापुढे नारळ फुटलेला, उदबत्त्या लागलेल्या, मुंडक्याला खण गुंडाळलेला. शेजारी सखूबाई बसल्या होत्या. सखूबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यांत थोरली बाई. त्यांचा शब्द सरपंचालाही मोडवत नसे. "बाई, पाया पडा," त्या मला म्हणाल्या, "आई परगट झाली. रातीतून शेंदूर आला."

मग जे झालं ते बघून काकांनी कपाळाला हात लावला. ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जाणारी चार शहाणी घरंही आता हापशावर येऊ लागली. उसतोडीला निघायची तयारी चाललेली. आईचं तीर्थ बरोबर हवं म्हणून लोक कॅन भरू लागले. काकांनी 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी लावली, तिला संध्याकाळपर्यंत झेंडूची माळ पडली. "म्या पाणी बंद कराया गेलतो बाई," काका कळवळून म्हणाले, "अन् त्येचा परसाद करून ठिवला!"

त्यांनी सखूबाईंना सरळ सांगितलं, "मावशी, ह्यो शेंदूर न्हाई. ऑइलपेंट हाय. म्याच लावलाय."

सखूबाई शांतपणे म्हणाल्या, "लावला तूच. पर तुला बुद्धी कुणी दिली?"



मी काकांना सोपी युक्ती सुचवली. माझं पाणी पिऊ नका असं आईनं स्वप्नात येऊन सांगितलं, एवढं म्हणा. वस्ती निमूट ऐकेल. मला वाटलं ते खूश होतील. ते भडकले. "अन् उद्या दुसऱ्या कुणाच्या सपनात येऊन पी म्हणली, तर? थापा मारून थांबवलेलं पाणी थापेनंच सुरू व्हतं." माणूस इतका हट्टी की मला त्यांचा राग यायचा आणि मनातून अभिमानही वाटायचा.

दसऱ्यानंतर सखूबाईंचा मुलगा आणि सून उसाला गेले. मागे राहिली नात कोमल, नुकते दोन दुधाचे दात फुटलेली. आजी तिला मांडीवर घेऊन रोज चमच्यानं तीर्थ पाजायची. ते बघून एका सकाळी काकांचा तोल गेला. "मावशी, तिचे जन्मभराचे दात आत्ता हिरडीत घडायला लागलेत! माझे असेच गेले, ह्याच असल्या पाण्यानं!"

"तुझे तंबाखूनं गेले," सखूबाई म्हणाल्या. भोवतीच्या बाया हसल्या.

 काका पुढे झाले, चप्पल काढली आणि हापशाच्या त्या शेंदरी मुंडक्यावर उजवा हात ठेवला. "आईची शपथ. जन्मात तंबाखूला शिवलो असंल तर ह्यो हात झडंल. आमच्या दारच्या हापशाचं पाणी पिऊन दात असे झाले, गुडघे असे झाले. माझ्या मायनं मायेनंच पाजलतं."

हसू थांबलं. देवीवर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस आमच्या वस्तीत कुणी कधी पाहिलेला नाही. सखूबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यांनी कोमलला शेजारी बसलेल्या बाईकडे दिलं, उठल्या आणि काकांची हनुवटी धरून म्हणाल्या, "दात दाव."

काकांनी निमूट आ केला. सखूबाईंनी बराच वेळ पाहिलं. "लेकरा, तुज्या मायला कुणी सांगितलं न्हाई काय रे?"

एरवी प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेल्या काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई मावशी. तवा कुणालाच ठावं नव्हतं."

मला रडू आवरलं नाही.

सखूबाईंनी हापशाचा दांडा सुतळीनं करकचून बांधला आणि तिथंच जाहीर केलं, "आईला आता कुणी हलवायचं न्हाई. नारळ फोडा, पाया पडा, अन् पाण्याला ओढ्यापल्याड चला." दुसऱ्या दिवशी घागरी घेऊन सगळ्यांत पुढे त्याच होत्या.

काका आता निवृत्त होऊन आष्टीकडे असतात. पण दर घटस्थापनेच्या आधी सखूबाई त्यांना फोन करतात, "भागवता, आईचा रंग उडाया लागलाय, ये." काका येतात. "ह्यो लोखंडाचा हापसा हाय, कशाला ह्येच्या नादी लागता?" असं सगळ्यांना ओरडत बसतात. रंग मात्र दोन हात लावतात.