ऑर्विल टलची झुकणारी बदकं

ऑर्विल टलची मान डावीकडे कललेली होती. तरुणपणी कालवं काढायच्या बोटीवर साखळी सुटून मानेवर बसली, हाड कसंबसं जुळलं आणि तसंच राहिलं. आमच्या खाडीकाठी बोटीने प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही खूण ठेवलेलीच असते, त्यामुळे त्या मानेचं कुणी मनावर घेतलं नाही. ऑर्विलने तर अजिबात नाही. त्याच्या मते तो सरळ होता आणि उरलेला मेरीलँड वाकडा होता.

बोटीवरचं काम सुटल्यावर तो बदकं कोरायला लागला. शिकारी पाण्यावर सोडतात ती लाकडी बदकं. वरून जाणाऱ्या थव्याला खाली आपलीच मंडळी बसलेली दिसली की तो उतरतो. इकडे हिवाळ्यात निम्मे लोक हेच करतात, मीही करतो. पण ऑर्विलच्या हातात जे होतं ते आमच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हतं, आणि हे मी जळूनच सांगतो आहे. त्याने रंगवलेल्या मादीच्या पाठीवर बोट फिरवून बघावंसं वाटायचं, पिसं ओली आहेत की काय म्हणून. माझ्या कुत्र्याने एकदा त्याचं बदक तोंडात धरून घरी आणलं, तेही अगदी अलगद, दात न लावता. माझ्या बदकांवर तोच कुत्रा तंगडी वर करतो.

खोट एकच होती. पाण्यात सोडलं की ऑर्विलचं बदक डावीकडे झुकायचं. फार नाही, पण जखमी बदक झुकतं तेवढं, आणि जखमी बदकापाशी थवा उतरत नाही. उपाय अगदी पोरखेळ होता. पोटाखाली ठोकलेली शिशाची पट्टी बोटभर उजवीकडे सरकवायची, बस्स. माझा आपला अंदाज असा, की त्या कललेल्या मानेला कललेलं बदकच सरळ दिसत असावं. घरच्या टबात तो प्रत्येक बदक सोडून बघायचा आणि समाधानाने हुंकार भरायचा. पाणसळ लावून बघ म्हटलं तर म्हणायचा, "बदक आहे ते. भिंत नाही बांधत मी."

ऑक्टोबरात आमच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये स्पर्धा भरते. मधोमध मोठी पाण्याची टाकी असते, तीत सगळ्यांची बदकं सोडतात, आणि पहिल्याला निळी फीत मिळते. निकाल लागले की परीक्षक टाकीपाशीच उभे राहतात. ज्याला आपल्या बदकाबद्दल ऐकायचं असेल त्याने थांबायचं आणि तोंड मिटून ऐकायचं. आम्ही त्याला धुणं म्हणतो. मी दरवर्षी धुऊन घेतो. एकदा मिसेस पिंडर नावाच्या परीक्षक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रॉइस, ही मान आहे की बाटलीचं बूच?" तो हिवाळा मी नुसत्या माना कोरण्यात घालवला. आपल्या हातच्या वस्तूत आपल्याला जे बघायची इच्छा असते तेच दिसतं, त्यामुळे दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावेच लागतात. त्या डोळ्यांच्या जोरावर मी तिसऱ्या फितीपर्यंत पोहोचलो. माझी ऐपत तेवढीच होती. ऑर्विलची पहिल्या फितीची होती, आणि त्याला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

पण तो कधी धुण्याला थांबला नाही. निकाल ऐकायचा, बदक कोटाखाली घालायचा आणि दारातून ओरडायचा, "कोरता येत नाही ते परीक्षक होतात!" परीक्षकांत सगळे कोरणारेच होते, पण सांगतो कोण.

सांगितलं ते त्याच्या मुलीने. लोरेन त्याच्याच शेडमध्ये भुशात खेळत वाढली, त्याच्याच पटाशीने शिकली. विशीत होती तेव्हा एका वर्षी बाप निघून गेल्यावर ती त्याच्या वतीने धुण्याला थांबली. दुसऱ्या दिवशी मी ऑर्विलकडे करवत मागायला गेलो होतो, तेव्हा शेडमध्येच तिने विषय काढला.

"बाबा, तुझं बदक डावीकडं झुकतंय. मिसेस पिंडर म्हणाल्या, आणि मलाही दिसतंय. पट्टी थोडी सरकव, की निळी फीत तुझीच."

"तुला पटाशी धरायला कुणी शिकवलं?"

"तूच. म्हणून तर तुला सांगतेय."

बाकावर लोरेनचं अर्धवट झालेलं पहिलं बदक होतं, ते उचलून ऑर्विलने शेगडीत टाकलं. सुकं लाकूड होतं, लगेच धरलं. लोरेन ते जळेपर्यंत बघत उभी राहिली, मग कोट घालून निघून गेली. पुढे ती शेजारच्या डेलावेअरला स्थायिक झाली, तिकडेच कोरायला लागली, आणि तिला निळ्या फिती मिळू लागल्या. आईच्या, म्हणजे हेस्टरच्या, अंत्यविधीला आली ती मागच्या बाकावर बसली आणि जेवायला न थांबता गेली. मी ऑर्विलला म्हटलं, पोरगी नाव काढतेय तुझं. तर म्हणे, "तिकडं काय, आल्यागेल्याला फीत देतात."

मी स्वतः पट्टीचा विषय एकदा काढून पाहिला. "तिसऱ्या फितीवाल्याने मला शिकवू नये," असं ऐकवून त्याने वर्षभर माझ्याशी अबोला धरला. त्यानंतर गावाने नाद सोडला. सगळे त्याला म्हणायचे, वा ऑर्विल, काय रंग आहे! आणि रंग होताच तसा. गाव शहाणं होतं असं नाही. दमलं होतं.

यंदा वसंतात डॉक्टर कोलबर्न वारले आणि त्यांच्या घरच्या सामानाची अंगणात विक्री निघाली. डॉक्टर शिकारीचे वेडे, ऑर्विलची बदकं पिढीजात दागिन्यांसारखी जपायचे. टेबलावर ऑर्विलच्या बदकांचा अख्खा थवा मांडला होता. ऑर्विल खूश होऊन सही बघायला एक उलटं करून बघतो, तर पोटावरची पट्टी सरकवलेली. जुन्या जागी खिळ्यांची दोन भोकं, लाकडाच्या लगद्याने बुजवलेली. त्याने दुसरं उलटं केलं. मग तिसरं. मग एकामागून एक सगळीच करत सुटला. मासे उलटावेत तशी ती सगळी बदकं टेबलावर पोट वर करून पडली होती.

तिथून तो तडक माझ्याकडे आला.

"तुझ्याकडं माझी जोडी आहे."

"आहे."

"सरकवलीस?"

"हो. पाण्यात सोडायची होती ना, ऑर्विल."

"सगळ्यांनीच?"

"सगळ्यांनीच."

तो माझ्या पायरीवर बसला. "म्हणजे माझ्या हेस्टरलाही ठाऊक होतं," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग येत आला होता आयुष्यभर, त्या दिवशी मात्र मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. सत्तरी कधीच उलटलेली, हाताला कंप सुरू झालेला, आणि आत्ता कळलं म्हाताऱ्याला.

उन्हाळाभर त्याने एकच बदक केलं. ऑक्टोबरात हॉलवर घेऊन आला, आणि निकालानंतर पहिल्यांदाच टाकीपाशी थांबला, टोपी हातात घेऊन. पण त्याचं बदक टाकीत सोडलंच नव्हतं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने त्याच्यासाठी मानाची फीत काढली होती, जांभळी, मोठं फूल लावलेली, आणि बदक मखमलीवर ठेवलं होतं. मखमलीवर काही झुकत नाही.

"माझं धुणं राहिलंय," ऑर्विल म्हणाला.

नवा परीक्षक तरणा मुलगा होता. त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्टर टल, तुमच्यासमोर आम्ही काय बोलणार? तुम्ही आमचे गुरू."

"अरे, बोल की! कान फुटले नाहीत माझे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारा विनयाने बोलतोय.

त्या रविवारी त्याने लोरेनला फोन केला. माझ्यासमोरच केला, कारण एकट्याने करायची छाती होत नव्हती. "एक बदक केलंय. बघून जा," इतकंच बोलला. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पण पुढच्या शनिवारी आली, केस पांढरे झालेली, बापासारखेच मोठे हात घेऊन. त्याने मलाही बोलावून घेतलं होतं. टब काठोकाठ भरून ठेवला होता.

ती यायच्या आधी मी बदक उलटं करून पाहिलं होतं. पट्टी जुन्याच जागी होती.

"अजून सरकवली नाहीस?" मी विचारलं.

"तिला सांगू दे," तो म्हणाला. "तिने सांगितलं की सरकवेन. तिच्यासमोर सरकवेन." खिशातून त्याने छोटी हातोडी आणि दोन खिळे काढून दाखवले.

लोरेन टबापाशी उभी राहिली. ऑर्विलने बदक पाण्यात सोडलं. ते जरा हललं आणि डावीकडे झुकून स्थिर झालं. माझ्यासारख्यालाही दारातून दिसत होतं.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं ना. रंग फार सुंदर आहे तुमचा. अजूनही."

"आणि पाण्यात? पाण्यात कसं बसलंय?"

तिने बदकाकडे पाहिलं, मग बापाच्या मानेकडे पाहिलं. मी मनात म्हणत होतो, बोल गं बाई, एकदा बोल. ऑर्विलचा हात खिशात होता.

"चांगलं बसलंय," ती म्हणाली. "मला निघायला हवं. रस्त्याला गर्दी होते."

मी तिच्यामागे गाडीपर्यंत गेलो. "दिसलं ना तुला?"

"दिसलं, रॉइस काका."

"तेवढं ऐकायलाच बोलावलं होतं त्याने. खिसा चाचपडत होता, बघितलं नाहीस? हातोडी घेऊन बसलाय तो."

तिने गाडीचं दार उघडलं. "घरातली होते तेव्हा सांगितलं," ती म्हणाली. "आता पाहुणी आहे. पाहुण्यांनी चांगलं बोलून निघावं." गाडी गेली. पुन्हा तिला कुणी बोलावेल असं मला वाटत नाही, आणि बोलावलं तरी ती तेवढंच बोलेल.

आत आलो तर ऑर्विलने टबाचं बूच काढलं होतं. पाणी उतरत होतं, तसं बदक आणखी कलत कलत तळाला कुशीवर पडलं. तो टबाच्या काठावर बसून होता. हातोडी आणि खिळे शेजारी ठेवले होते.

"मी सांगतो, ऑर्विल," मी म्हटलं. "उजवीकडं बोटभर. आण ती हातोडी."

त्याने हातोडी दिली नाही.

"माझ्याशी एवढी गोड ती कधीच बोलली नव्हती, रॉइस," तो म्हणाला.