साळवे सिस्टरांची रोजची बातमी

आयसीयूत किस्से फार साठतात. तिथं मोठ्यानं हसता येत नाही, सगळं हसू चहाच्या टपरीपर्यंत राखून ठेवावं लागतं! आमच्या नगरच्या हॉस्पिटलातले निम्मे किस्से एकट्या साळवे सिस्टरांचे. मी तिथला मशीन सांभाळणारा टेक्निशियन, म्हणजे साक्षीदार पक्का.

संगमनेरकडच्या भाऊसाहेबांची दोन्ही फुप्फुसं न्यूमोनियानं बसली होती. व्हेंटिलेटरही पुरेना, तेव्हा एक्मो लावलं. डॉक्टर त्यांच्या बायकोला, हिराबाईंना, समजावत होते, "रक्त नळीनं बाहेर काढायचं, मशीनमध्ये ऑक्सिजन द्यायचा, परत अंगात सोडायचं."

"म्हंजे डेअरीवानी! दूध इकडनं आत, गार हून तिकडनं भाईर."

"अगदी तसंच!" तेव्हापासून डॉक्टर सगळ्याच नातेवाइकांना डेअरीच सांगतात.

"पर मानूस परत मिळंल ना?" हिराबाईंनी विचारलं.

*

तिसऱ्या दिवशी एक पुढारी दहा जणांना घेऊन भाऊसाहेबांना बघायला आले. सिस्टरांनी दार अडवलं. "एकानंच यायचं, तेही हात धुऊन."

"मी कोण आहे, माहितेय का?"

"तुम्ही कोण, ते माहितेय, साहेब. तुमच्या हातावर कोण आहे, ते माहीत नाही!"

साहेबांनी दोनदा हात धुतले.

*

एकदा भर दुपारी लाईट गेली. मशीनला बॅटरी असते. तरी मी वळून बघतो तर सिस्टरांचा हात पंप हातानं फिरवायच्या हँडलवर!

"सिस्टर, बॅटरी आहे ना!"

"असू दे. हिराबाईंना तोंड मला दाखवायचंय, बॅटरीला नाही."

खरं सांगतो, त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडले.

*

सिस्टरांची एक सवय. पेशंट बेशुद्ध असला तरी रोज सकाळी त्याच्या कानाशी वार सांगायचा आणि घरची एक चांगली बातमी. हिराबाईंनी पहिल्या दिवशी एक दिली होती. नंतर विचारलं की नुसत्या रडायच्या. मग सिस्टर रोज तीच ऐकवायच्या, "भाऊसाहेब, गाय व्याली बरं का! कालवड झालीय!"

"त्यांना काही ऐकू येत नाही, सिस्टर," मी चिडवायचो.

"तू तुझं मशीन बघ."

*

फुप्फुसं हळूहळू उघडली. एक्मो निघालं, मग व्हेंटिलेटर, शेवटी घशातली नळीही. आम्ही सगळे कॉटभोवती उभे. भाऊसाहेबांनी आधी साळवे सिस्टरांकडे पाहिलं, मग हिराबाईंकडे. आवाज घोगरा होता, पण स्पष्ट.

"हिरा, रोज एक कालवड झाली म्हनं... समद्या बांधल्या कुठं?"