आईनं फोन उचलावा की नाही

घरात नवा फोन घ्यायचा असला की सगळे मला विचारतात आणि मग दुकानदार सांगेल तोच घेऊन येतात. बिघडला की पुन्हा माझ्याकडे. कुठल्या कंपनीनं काय काढलं, कुठल्या अपडेटनं कुणाचा कॅमेरा बंद पडला, फसवणुकीची आजची नवी तऱ्हा कोणती, हे सगळं मी रोज सकाळी सर्जापूर रोडला अडकलेल्या कॅबमध्ये बसून वाचतो. वाचून डोकं फिरतं. काल शिकलेलं आज जुनं झालेलं असतं. तरी वाचतो आणि त्यातलं कामाचं आईला पाठवतो, कारण बाबा गेल्यापासून ती जुन्या घरी एकटी राहते आणि फोनवरच तिची माणसं आहेत.

आई तशी हुशार. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला ती कन्नडमधून असं काही झापते की तोच फोन ठेवतो. पण आमच्या लोकांची एक खोड आहे. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलो. दुधवाल्याशी कन्नड, ऑफिसात इंग्रजी, मराठी उरली ती घरात आणि नात्यात. त्यामुळे फोनवर मराठी ऐकू आली की माणूस आपलाच, असं आम्ही धरून चालतो. त्यातून लग्नाचं बोलावणं करणाऱ्याला 'आपण कोण' असं विचारायचं म्हणजे त्याचा अपमान. ओळख पटली नाही तरी 'हो हो, येते की' म्हणायचं आणि फोन ठेवल्यावर कोण असेल ते आठवत बसायचं.

एका दुपारी बाईचा फोन आला. "अक्का, मुलीचं लग्न ठरलं. यायलाच पाहिजे. पत्रिका पाठवलीय, स्वल्प उघडून बघा." 'थोडं'ला कन्नड 'स्वल्प', अगदी आमच्या घरातली बोली. आईनं मुलीला आशीर्वाद दिला आणि पत्रिका उघडली. ती पत्रिका नव्हतीच, पत्रिकेचं नाव लावलेलं अ‍ॅप होतं. त्यानं फोनचा ताबा घेतला.

मी धावपळ करून बँकेचं खातं गोठवलं, म्हणून पैसे वाचले. पण तीच पत्रिका आईच्या नावानं साऱ्या नातेवाइकांना गेली होती, आणि आईनं पाठवलीय म्हणून काहींनी ती उघडलीही. आई एकेकाला फोन करून माफी मागत होती. मला ते ऐकवेना. मग मी तिच्यावरच चिडलो.

"कोण बोलतंय, एवढं विचारता येत नाही?"

"लग्नाला बोलावणाऱ्याला?"

"कुणालाही. अनोळखी नंबर आला की कट करायचा. मराठी असो की आणखी काही."

"अरे, मराठीत बोलायला मला फोन करतं तरी कोण आता? तेही तोडू?"

"तोड," मी म्हणालो. दुसरं काही सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही सुचत नाही. नवा फोन कसा दुमडतो यावर ढीगभर लिहून येतं. आपली माणसं न तोडता आईनं फोन कसा उचलावा, हे मेलं कुणी लिहीत नाही.

"सरी, बरं," आई म्हणाली.

परवाच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला. आईनं सवयीनं उचलून स्पीकरवर टाकला. "अगं, मी बोलतेय. किती शोधलं तुला," एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. मी हातानंच खूण केली. आईनं कट केला.

मग ती जेवेचना. "शाळेत माझ्या शेजारी बसायची," म्हणाली. "लग्न होऊन धारवाडला गेली ती गेलीच."

"हल्ली आवाजही बनवतात, आई."

"तिचा कोण कशाला बनवेल?"

संध्याकाळी मीच तो नंबर लावून दिला. पुरुषाचा आवाज आला. आई मराठीत म्हणाली, "मी तुमच्या आईची मैत्रीण. शाळेतली."

"आम्हाला काही नकोय," तो म्हणाला आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना. त्यानं नंबर ब्लॉक केला होता.

मला त्याचा राग आला. आईला नाही आला.

"मुलगा काळजी घेतो तिची," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच."